जकातीचा हिशोब: तारीख ठरवण्यापासून योग्य हातात पोहोचवण्यापर्यंत

रमजानचा चांद दिसला की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून जकातीची, म्हणजे मुसलमानानं दर वर्षी आपल्या मालातून गरजूंसाठी काढायच्या बंधनकारक वाट्याची, लगबग सुरू होते. सुट्ट्या नोटांची बंडलं आणून ठेवली जातात, दाराशी येईल त्याच्या हातावर शंभर-दोनशे टेकवले जातात आणि ईदच्या आदल्या रात्री अंदाजानं म्हटलं जातं, "यंदा पंधरा-वीस हजार गेले असतील, जकात निघाली." अशा अंदाजानं दिलेला पैसा सवाबाचा (पुण्याचा) असेलही, पण त्यानं फर्ज (बंधनकारक कर्तव्य) उतरला की नाही, हे देणाऱ्यालाच ठाऊक नसतं. कुरआनात सूरह मआरिज या अध्यायात म्हटलं आहे की नेक माणसांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. हक्क ठरलेला आहे, म्हणजे त्याची रक्कमही ठरलेली आहे. दुसऱ्याचं देणं आपल्या तिजोरीत पडून आहे असं समजून हिशोबाला बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत, आणि रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले कोकणी मुसलमान प्रामुख्यानं शाफई. जकातीच्या हिशोबात या दोन मजहबांत (धर्मनियमांच्या परंपरांत) मोठे फरक आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक तयार तक्ते ते फरक सांगतच नाहीत, म्हणून इथे जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत. शिया आणि बोहरा जमातींची पद्धत वेगळी आहे, तिचा विचार या लेखात नाही.

पहिली पायरी: आपल्यावर जकात आहे का?

ज्याच्याकडे निसाबाइतका माल आहे आणि त्यावर एक चांद्रवर्ष उलटलं आहे, त्याच्यावर मालाच्या अडीच टक्के जकात फर्ज होते. निसाब म्हणजे किमान मर्यादा. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. काही अभ्यासक ५९५ आणि ८५ ग्रॅम धरतात, पण आपल्याकडच्या मशिदींतून पहिलेच आकडे जाहीर होतात.

इथे तोळ्याचा घोळ होतो. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. निसाबातला तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. त्यामुळे आजच्या भाषेत सोन्याचा निसाब पावणेनऊ तोळ्यांच्या आसपास जातो. म्हणून तोळे विसरा, हिशोब ग्रॅममध्येच करा.

दुसरा प्रश्न लगेच येतो: सोन्याचा निसाब धरायचा की चांदीचा? आज या दोहोंच्या किमतींत प्रचंड अंतर आहे. समजण्यापुरते भाव धरू: चांदी १०० रुपये ग्रॅम, शुद्ध सोनं १०,००० रुपये ग्रॅम. मग चांदीचा निसाब होतो ६१,२३६ रुपये आणि सोन्याचा ८,७४,८०० रुपये. हनफी उलमा (धर्मपंडित) सर्वसाधारणपणे असं सांगतात: कुणाकडे निव्वळ सोनंच असेल, जोडीला चांदी, गरजेपलीकडची रोकड किंवा विक्रीचा माल नसेल, तर सोन्याचा निसाब. सोन्याबरोबर थोडी रोकडही असेल, तर सगळ्याची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडायची. घरात आठ तोळ्यांच्या आत सोनं आहे म्हणून "आपल्याला जकात लागत नाही" असं धरून चाललेल्या असंख्य घरांचा हिशोब इथेच बदलतो. शाफई मजहबात सोनं आणि चांदी निसाबासाठी एकमेकांत मिळवत नाहीत.

नवरा-बायकोचा हिशोब वेगळा. माहेरचे आणि मेहेरचे (निकाहात नवऱ्यानं दिलेले) दागिने बायकोचे आहेत, म्हणून त्यांची जकातही तिच्यावर. नवरा तिच्या संमतीनं तिच्या वतीनं भरू शकतो. अल्पवयीन मुलांच्या मालकीच्या मालावर हनफींकडे जकात नाही, शाफईंकडे आहे आणि ती पालकानं मुलाच्या मालातून द्यायची. "मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं" आईच्या मालकीचं असेल, तर ते आईच्या हिशोबात येतं. ते खरोखर मुलीला देऊन टाकलं असेल, तरच तिचं.

दुसरी पायरी: तारीख पक्की करा

तुम्ही पहिल्यांदा निसाबाचे मालक झालात, ती हिजरी (इस्लामी चांद्र कॅलेंडरची) तारीख हीच तुमची जकातीची तारीख. ती आठवणं बहुतेकांना शक्य नसतं. अशा वेळी नीट अंदाज करून एक हिजरी तारीख ठरवा, वहीत लिहा आणि दर वर्षी तीच ठेवा. पुष्कळ जण १ रमजान धरतात, तेही चालतं. पण तुमची खरी तारीख रजब महिन्यातली असेल आणि तुम्हाला माहीत असेल, तर हिशोब रजबचाच करा.

दुकानदार आणि व्यावसायिक ३१ मार्चचा ताळेबंद सोयीचा म्हणून तोच वापरतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरनं चालणाऱ्याची साधारण ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात बुडते. मार्चचाच हिशोब धरायचा असेल, तर दर अडीच टक्क्यांऐवजी २.५७७ टक्के लावा.

हनफी पद्धतीत वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब पुरा असला की पुरे. मधे रक्कम घटली तरी हरकत नाही, फक्त ती पार शून्य झालेली नसावी. मधेच आलेला पगार, बोनस, विकलेल्या गाडीचे पैसे, जे काही त्या तारखेला शिल्लक आहे, ते सगळं हिशोबात येतं. प्रत्येक रकमेचं वर्ष वेगळं मोजत बसायचं नाही. शाफई नियमात नव्यानं आलेल्या रकमेचं वर्ष वेगळं सुरू होतं, पण सोयीसाठी सगळं एकाच तारखेला देता येतं, कारण जकात आगाऊ दिलेली चालते.

तिसरी पायरी: काय मोजायचं, काय सोडायचं

राहतं घर, वापरातली गाडी, फ्रिज, फर्निचर, कपडे, धंद्याची हत्यारं यांवर जकात नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्याचे माग हिशोबात येत नाहीत. गोदामातलं सूत, तयार कापड आणि व्यापाऱ्यांकडे अडकलेली उधारी मात्र येते. किराणा दुकानदारानं रॅकवरच्या मालाची त्या दिवशीची विक्रीची किंमत लावायची, खरेदीची नाही. वजनकाटा आणि कपाटं सोडायची.

जमिनीच्या बाबतीत घेतानाचा हेतू महत्त्वाचा. विकून नफा कमवायचा म्हणून प्लॉट घेतला, तर दर वर्षी त्याच्या बाजारभावावर जकात. घर बांधायला घेतला तर नाही. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटच्या किमतीवर नाही, भाड्यातून तारखेला जे शिल्लक राहिलं त्यावर आहे.

बँकेतली शिल्लक पूर्ण धरायची. त्यातलं व्याज मात्र बाजूला काढा. ती रक्कम जकातीच्या हिशोबात येत नाही आणि जकात म्हणून देताही येत नाही. ती सगळीच्या सगळी सवाबाची नीयत (मनातला हेतू) न करता गरजूला देऊन मोकळं व्हायचं असतं. हज, लग्न, घर यांसाठी साठवलेले पैसे हेतू कितीही चांगला असला तरी मोजायचेच. पीएफमध्ये सक्तीनं कापली जाणारी रक्कम हातात येईपर्यंत धरायची नाही, असं भारतातले अनेक हनफी मुफ्ती (धर्मनियमांवर निर्णय देणारे) सांगतात. स्वतःहून वाढवून भरलेला भाग मात्र धरतात. शेअर उलाढालीसाठी घेतले असतील तर पूर्ण बाजारभाव. लाभांशासाठी दीर्घकाळ ठेवले असतील, तर कंपनीच्या रोकड-मालासारख्या जकातयोग्य मालमत्तेतला आपला वाटा, आणि तो काढणं जमत नसेल तर पूर्ण बाजारभाव धरणं सुरक्षित.

भिशीबद्दल फार जण गोंधळतात. तुमचा नंबर अजून लागलेला नसेल, तर भरलेले हप्ते म्हणजे तुम्ही दिलेलं कर्ज. ते तुमच्या मालात मिळवा. नंबर लागून गेला असेल, तर उरलेले हप्ते तुमच्यावरचं कर्ज. मुंबई-भिवंडीकडे घर हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी अनामत देऊन, घेतलं जातं, त्या डिपॉझिटबाबत उलमांत मतभेद आहेत. रक्कम मोठी असते, त्यामुळे आपल्या मुफ्तींना विचारूनच ठरवा.

कर्ज हनफींकडे वजा होतं. पण वीस वर्षांचं गृहकर्ज पूर्ण वजा करून स्वतःला निसाबाखाली आणणं बरोबर नाही. लांब मुदतीच्या कर्जात चालू वर्षात देय असलेले हप्तेच वजा करावेत, असं बरेच उलमा सांगतात. शाफई मजहबाच्या प्रबळ मतानुसार कर्जामुळे जकात कमी होत नाही.

दागिने

सर्वांत मोठा फरक इथे आहे. हनफींकडे अंगावरचे असोत की लॉकरमधले, सोन्या-चांदीचे सगळे दागिने मोजायचे. शाफईंकडे बाईच्या नेहमीच्या वापरातल्या, रूढ प्रमाणातल्या दागिन्यांवर जकात नाही. बिस्किटं, नाणी आणि केवळ साठा म्हणून ठेवलेलं सोनं यांवर मात्र आहे.

मोजताना दागिना सराफाकडे नेऊन खडे वगळून वजन करून घ्या. घडणावळ धरायची नाही. त्या दिवशी सराफ त्या कॅरेटचं सोनं ज्या भावानं विकत घेईल, तो भाव लावा. हिरे-मोती विक्रीसाठी नसतील तर त्यांवर जकात नाही.

एक उदाहरण मांडून बघू. एका शिक्षिकेकडे २२ कॅरेटचे ८० ग्रॅम वापरातले दागिने आहेत. त्या कॅरेटचा भाव ९,००० रुपये ग्रॅम धरला, तर ७,२०,०००. बँकेत ७०,०००, भिशीत भरलेले ३०,०००, बहिणीकडून घेतलेलं २०,००० कर्ज. ती हनफी असेल, तर एकूण ८,२०,०००, कर्ज वजा जाता ८,००,०००. अडीच टक्क्यांनी जकात २०,००० रुपये. तीच बाई शाफई असेल, तर दागिने गळतात, कर्ज वजा होत नाही. उरले १,००,०००. चांदीच्या निसाबाच्या वर आहेत, म्हणून जकात २,५०० रुपये.

हा आकड्यांतला फरक पाहून मजहब बदलायचा मोह होईल. तो आवरा. घरात लहानपणापासून ज्या पद्धतीनं नमाज पढत आलात, जकातही त्याच पद्धतीनं द्या. शाफई बाईनं दागिन्यांचीही जकात काढली, तर तो सवाबच आहे, आणि तशा काढणाऱ्या कितीतरी कोकणी बायका आहेत. हनफी माणसानं फक्त पैसे वाचावेत म्हणून शाफई मत शोधणं मला योग्य वाटत नाही.

आणि रोकड नाही म्हणून जकात सुटत नाही. रोकड नसेल तर तेवढ्या वजनाचं सोनं देता येतं, एखादी अंगठी विकून देता येते, किंवा वर्षभर आधीपासून दरमहा थोडं थोडं जकातीच्या नीयतीनं देत राहता येतं. वीस हजार एकदम जड जात असतील, तर दरमहा १,७०० रुपये बाजूला काढून देत गेल्यास तारखेला फारसं काही उरत नाही.

शेती आणि बागायती

पिकाची जकात म्हणजे उश्र. तिला वर्षाची अट नाही, पीक हाती आलं की द्यायची. पावसाच्या पाण्यावरचं पीक असेल तर दहा टक्के, पाणी विकत घेऊन किंवा पंप लावून काढलेलं असेल तर पाच टक्के. भारतातल्या जमिनींवर उश्र लागू होते का, यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत. तुमचा गाव ज्या मुफ्तींना मानतो, त्यांना सातबारा दाखवून विचारा.

कोकणातल्या आंबा-काजूवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. शाफई मजहबात फळांपैकी खजूर आणि द्राक्षं, आणि धान्यांत साठवून खाण्याचं मुख्य अन्न, एवढ्यावरच उश्र आहे. म्हणजे हापूसच्या बागेवर नाही, भातावर आहे, आणि तीही साधारण ६५० किलोंच्या पुढे. आंबा विकून आलेले पैसे मात्र वर्षभर शिल्लक राहिले, तर रोकडीच्या हिशोबात येतात. इमाम अबू हनीफांच्या मते आंब्यावरही उश्र आहे, आणि किमान मर्यादाही नाही.

जनावरांवरची जकात मोकळ्यावर चरणाऱ्या कळपांपुरती आहे. ४० शेळ्यांना १ शेळी. घरी चारा घालून पाळलेल्या दुभत्या जनावरांवर नाही.

चौथी पायरी: कोणाला द्यायची

सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ वर्ग सांगितले आहेत: फकीर, मिस्कीन (दोन्ही गरीबच, कमी-अधिक तंगीतले), जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामांची मुक्तता, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले, आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. आज आपल्या आसपास फकीर, मिस्कीन आणि कर्जबाजारी हेच बहुतेक जण असतात. हनफी कसोटी सोपी आहे: गरजेपलीकडे निसाबाइतका माल ज्याच्याकडे नाही, तो घेऊ शकतो. नोकरी आहे, राहतं घर आहे, तरी महिना भागत नाही, असा माणूसही त्यात येतो.

आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात चालत नाही. त्यांचा खर्च आपलीच जबाबदारी. हनफींकडे नवरा-बायको एकमेकांना देऊ शकत नाहीत. पैगंबरांच्या वंशातल्या सय्यद घराण्यांना जकात द्यायची नाही, त्यांना हदिया (भेट) म्हणून मदत करा. जकात मुस्लिम गरजूसाठी आहे. शेजारी इतर धर्माचा गरजू असेल, तर सदका (ऐच्छिक दान) आणि मदत यांचं दार उघडं आहे, आणि तिथे हात आखडता घेऊ नये. मशिदीचं बांधकाम, कब्रस्तानाची भिंत, इमामांचा पगार यांसाठी जकात वापरता येत नाही. तिथे चंदा द्यायचा.

भाऊ, बहीण, काका, मामा, मावशी, आत्या, भाचे, पुतणे, सासू-सासरे, सून-जावई यांना मात्र देता येते, आणि हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार) नातलगाला दिलेल्या सदक्याचा सवाब दुहेरी आहे: सदका आणि नातं जपणं. विधवा बहिणीच्या घरी दोन महिन्यांचं भाडं थकलेलं असताना आपण अनोळखी पावत्यांवर हजारो रुपये देतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. पहिला विचार घरच्या गरजूंचा करा. "ही जकात आहे" असं तोंडानं सांगण्याची गरज नाही. ईदी म्हणा, मुलांच्या फीसाठी म्हणा, देताना मनात नीयत असली की पुरे.

सूरह बकरात अशा माणसांचा उल्लेख आहे की ते मागत नाहीत, आणि त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. त्यांना शोधावं लागतं. मोहल्ल्यातला शिंपी, शाळेच्या क्लार्क बाई, डायलिसिसवाल्या पेशंटचे नातलग, आजारी रिक्षावाला. मशिदीच्या इमामांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना, दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाला विचारा, नावं मिळतात. आणि फोटो काढू नका. धान्याचं किट हातात देऊन कॅमेऱ्यासमोर उभं करणं म्हणजे त्याचाच हक्क त्याला अपमानाच्या किमतीत विकणं.

शंभर जणांना दोनशे-दोनशे वाटण्यापेक्षा एका माणसाला वीस हजारांची शिलाई मशीन, हातगाडी किंवा नर्सिंगच्या कोर्सची फी देणं मला जास्त पटतं. पुढच्या काही वर्षांत तोच जकात देणारा होऊ शकतो.

पाचवी पायरी: देताना

हनफी नियमात रक्कम गरजूच्या मालकीची झाली पाहिजे, याला तमलीक म्हणतात. म्हणून रोजा-इफ्तारचं जेवण बसवून खाऊ घातलं, तर जकात अदा होत नाही. डबा हातात दिला तर होते. शाळेची फी किंवा हॉस्पिटलचं बिल परस्पर भरायचं असेल, तर आधी गरजूची परवानगी घ्या, म्हणजे तुम्ही त्याच्या वतीनं भरता. कुणाला दिलेलं कर्ज "जा, माफ केलं" म्हणून जकातीत धरता येत नाही. त्याला आधी जकात हातात द्या, मग तो त्यातून कर्ज फेडेल. मोलकरणीला जकात देता येते, पण पगार किंवा ठरलेल्या बोनसऐवजी नाही.

रमजानमध्ये मदरशांचे सफीर (देणगी गोळा करणारे प्रतिनिधी) पावतीपुस्तक घेऊन येतात, मोबाइलवर क्यूआर कोड येतात. देण्याआधी चार प्रश्न विचारा: जकातीचं खातं वेगळं आहे का? पैसे कोणत्या गरजूंवर खर्च होतात? तमलीकची पद्धत काय? नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्रातले ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात, औकाफ (धर्मकार्यासाठी वाहिलेल्या मालमत्ता) वक्फ मंडळाकडे. प्रामाणिक संस्था हे प्रश्न ऐकून नाराज होत नाही.

पैगंबर (स.) यांनी आपले सहकारी मुआज बिन जबल यांना यमनला पाठवताना सांगितलं होतं की जकात त्यांच्या श्रीमंतांकडून घेऊन त्यांच्याच गरिबांना परत द्यायची. म्हणून आधी आपला गाव. आखातात नोकरीला असलेले कोकणी जकात गावच्या जमातीकडे पाठवतात. हनफींकडे नातलग किंवा जास्त गरज असेल तर दुसरीकडे पाठवण्यास हरकत नाही. शाफई नियम याबाबत कडक आहे, म्हणून पाठवण्याआधी गावच्या काझींचं मत घ्या.

फितरा, म्हणजे रमजान ईदचं दान, हा जकातीहून वेगळा. घरातल्या प्रत्येक माणसामागे, हनफींकडे ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या बाळासकट, ईदच्या नमाजेपूर्वी द्यायचा. हनफींकडे १ किलो ६३३ ग्रॅम गहू किंवा त्याची किंमत. ऐपत असेल त्यानं खजूर किंवा मनुक्याच्या सव्वातीन किलोंच्या भावानं द्यावा, गव्हाच्या भावावर सगळ्यांनीच थांबू नये. शाफईंकडे मुख्य धान्य, म्हणजे कोकणात तांदूळ, अडीच ते तीन किलो, आणि धान्यच द्यायचं.

मागची बाकी

पूर्वीच्या वर्षांची जकात राहिली असेल, तर ती वेळ गेली म्हणून संपत नाही. जुनी पासबुकं काढा, दागिने कधी घेतले ते आठवा, वर्षवार अंदाजी माल लिहा आणि शंका असेल तिथे जास्त धरा. एकदम देता येत नसेल तर हप्त्यांनी द्या. हनफींकडे बाकी ठेवून माणूस गेला, तर वसीयत (मृत्युपत्र) असल्याशिवाय वारसांवर ती देणं बंधनकारक नाही, आणि वसीयतही एकतृतीयांश मालापुरतीच. शाफईंकडे ती वाटणीआधी मालातून काढली जाते. दोन्हीकडे वारसांना आकडा माहीत असावा लागतो. म्हणून एक वही करा: पहिल्या पानावर जकातीची हिजरी तारीख, पुढे दर वर्षी मालाची यादी, त्या दिवशीचे भाव, निघालेली रक्कम, दिलेली रक्कम आणि उरलेली बाकी. ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.